अठरावी बरगडी

"पंधरा, सोळा, सतरा." शिंपीणबाईंचं बोट थांबलं. पुढे मोजायला काही उरलंच नव्हतं. त्यांनी बोट मागे नेलं, पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली आणि पुन्हा सतरावरच येऊन टेकल्या. मग दोन्ही हात जोडून, डोळे मिटून त्या घोड्याच्या सांगाड्यापुढे अशा काही उभ्या राहिल्या की मागच्या सायकलदुरुस्तीवाल्याला त्यांना कोपरानं सरकवावं लागलं. त्यानंही मोजल्या. त्याच्याही सतराच भरल्या. त्याच्या मागे शेपन्नास माणसं बोटं सरसावून उभी होती आणि वैरणवाल्याच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये सकाळपासून आकड्यांचा नुसता गजर चालला होता.

घोड्याला बरगड्या किती, हे दुसऱ्या कुठल्या गावात कुणी विचारलं असतं तर लोकांनी त्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला असता. पण हे गाव घोड्यांचं. इथे घोडे पाळणारे, शिकवणारे, नाल ठोकणारे, खोगिरं शिवणारे आणि यातलं काहीच न करता पारावर बसून सगळ्यांना घोड्यांतलं शिकवणारे, असे सगळे पिढ्यान् पिढ्या नांदत होते. इथलं पोरगं शाळेत जायच्या आधी 'घोड्याला अठरा जोड बरगड्या' हे पाठ म्हणून दाखवायचं. म्हणून तर सतरा बरगड्यांचा घोडा निघाल्यावर गाव येडं झालं. ज्याला काहीच माहीत नाही त्याला फसवायला कष्ट पडतात. ज्याला थोडं माहीत आहे, तो आपल्या पायानं चालत येतो.

झालं होतं ते असं. वैरणवाल्याच्या परसात पाण्याचा हौद खणताना घोड्याचा जुना सांगाडा लागला. सगळा शाबूत, मातीत मुरून तपकिरी पडलेला. पाठोपाठ महाराज उगवले. कुठून आले ते कुणी विचारलं नाही, आणि वैरणवाल्यानं त्यांना लगेच शेड कशी काय दिली, हेही नाही. महाराजांनी हाडं धुतली, तारेनं जोडली, लाकडी चौकटीवर उभी केली. शेजारी तुलनेसाठी एका गाडीच्या घोड्याचा सांगाडा उभा केला. तो हाडांच्या गिरणीतून आणलेला, उकळून पांढरा केलेला. एक देवघोडा, एक साधा घोडा. साध्या घोड्याच्या अठरा आणि देवघोड्याच्या सतरा.

महाराजांना दाढी नव्हती, जटा नव्हत्या. अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, नाकावर चष्मा आणि हातात शाळेतल्यासारखी छडी.

"इथे अंधश्रद्धेला थारा नाही," ते छडी उंचावून सांगत होते. "मी तुम्हाला माना म्हणत नाही, मोजा म्हणतो. मी अंगारा देत नाही, आकडा देतो. या महात्म्यानं दोन्ही बाजूंची आपली एकेक बरगडी एका मोडक्या लेकराला दान केली. म्हणून सतरा. खोटं वाटतं? मोजा. शंका आहे? परत मोजा. मोजून झालं की डाव्या बाजूला पाणी घ्या."

डाव्या बाजूला एका बादलीत देवघोड्याच्या शेपटीचं हाड बुडवून ठेवलं होतं. ते पाणी सांधेदुखीवर, मोडलेल्या हाडांवर आणि, कुणी विचारलंच तर, पोटदुखीवरही चालायचं. महाराज पैशाला हात लावत नसत. भक्तांनी फक्त देवघोड्यासाठी चंदी आणायची. मेलेल्या घोड्याला दाणा. संध्याकाळी पोती त्याच्या पुढ्यात रचायची, सकाळी पोती गायब. ज्याला पोट नाही असा घोडा पोतीच्या पोती खातो आणि पोत्यासकट खातो, हा गावाला आणखी एक चमत्कार वाटला.

रांगेत घोड्यांची डॉक्टरीणबाईही उभी होती. मनातल्या मनात तिनं त्या माणसाचं नाव मोजणीमहाराज ठेवलं होतं. एरवी ती हसून घरी गेली असती. पण सगळ्यात पुढे, सांगाड्याच्या पायाशी तिचा सख्खा भाऊ बसला होता.

भाऊ चाबुकस्वार. कोरं, माजलेलं शिंगरू त्याच्या हाती द्यावं आणि सरळ चालणारा घोडा परत न्यावा, अशी त्याची ख्याती. काही दिवसांपूर्वी त्यानं अशाच एका अर्धवट शिकवलेल्या शिंगरावर आपल्या दहा वर्षांच्या लेकीला बसवलं होतं. शिंगरू उधळलं, पोर पडली, मांडीचं हाड मोडलं. आता ती कमरेपासून पावलापर्यंत प्लास्टरमध्ये होती आणि भाऊ रोज इथे येऊन बरगड्या मोजत होता.

डॉक्टरीणबाईची पाळी आली. तिनं बरगड्या मोजल्याच नाहीत. ती आधी कवटीपाशी गेली, कपाळाच्या खोलगट भागावरून बोट फिरवलं, मग पाठीच्या कण्यावरून सरकत सरकत कमरेपर्यंत आली. मग त्या पांढऱ्या गाडीघोड्याजवळ जाऊन तेच केलं.

"बाई, बरगड्या इकडे आहेत," महाराज म्हणाले. लोक हसले.

"दिसल्या," ती म्हणाली. "हा अरबी जातीचा घोडा आहे. कपाळ बघा, खोलगट आहे. पाठ आखूड. कमरेचे मणके इथे पाच आहेत, त्या गाडीघोड्याला सहा आहेत. शेपटीची हाडंही कमी. या जातीच्या पुष्कळ घोड्यांना कमरेचा एक मणका कमी असतो आणि काहींना बरगड्यांचीही एक जोडी कमी असते. सगळ्यांना नसते. उलट दुसऱ्या जातीच्या एखाद्यालाही असते. माणसाच्या उंचीत फरक असतो ना, तसंच."

"पण आमचे आजोबा सांगायचे, घोडा म्हटला की अठराच," पारावरचा एक जण म्हणाला.

"आजोबांनी मोजल्या होत्या?"

"म्हणजे काय? जन्म गेला त्यांचा घोड्यांत."

"जिवंत घोड्याच्या पुढच्या बरगड्या खांद्याच्या फऱ्याखाली दडलेल्या असतात. हाताला लागतच नाहीत. तुमच्यापैकी कुणीतरी सांगा, कुणी आपल्या घोड्याच्या अठराच्या अठरा मोजल्यात?"

लोक एकमेकांकडे बघू लागले. पिढ्यान् पिढ्यांचं ज्ञान, आणि मोजलेलं एकानंही नव्हतं. डॉक्टरीणबाईला वाटलं, जिंकलं. पण उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, यात महाराजांची उभी हयात गेलेली.

"वा," ते म्हणाले. "शिकलेल्या बाई आहेत. खोटं बोलणार नाहीत. बाईंनी स्वतः तपासलं आणि बाईंच्या मतेसुद्धा सतराच. टाळ्या वाजवा."

लोकांनी खरोखरच टाळ्या वाजवल्या. डॉक्टरीणबाईनं कपाळाला हात लावला.

"आता मला अडाण्याला एवढंच सांगा," महाराज छडी गालाला लावून म्हणाले, "जातीनंच सतरा असतील तर त्या सतराच राहतील. बरोबर?"

"बरोबर."

"मेलेल्या हाडाला नवी बरगडी फुटत नाही?"

"नाही."

"ऐकलंत सगळ्यांनी? मग रविवारी सकाळी या. दान दिलेली बरगडी परत येईल. आणि ज्या क्षणी ती येईल, त्या क्षणी भक्ताचं मोडलेलं हाडही जुळेल." छडी खाली आली ती थेट चाबुकस्वाराच्या खांद्यावर. "तुमची लेक आणा. आपण तिला चालवू."

आपण शहाणपणा करायला आलो आणि पोरीला आगीतून फुफाट्यात लोटलं, हे डॉक्टरीणबाईला तिथेच कळलं.

भावाच्या घरी ती संध्याकाळी गेली. पुढच्या खोलीत खुंट्यांना लगाम आणि पट्टे टांगलेले, कोपऱ्यात खोगिराचा वास, आणि खिडकीपाशी खाटेवर पोर. घरात तिला मुंगी म्हणत, कारण ती कधी एका जागी बसत नसे. आता बसवलेलीच होती. प्लास्टरवर तिनं पेन्सिलीनं घोडे काढून ठेवले होते.

"आत्या, खाज येते गं आत," मुंगी म्हणाली.

"येणारच. हाड जुळत असलं की पाय आतून कामाला लागतो, बाहेर आपल्याला खाज," आत्यानं तिच्या केसांतून हात फिरवला आणि भावाकडे वळली. "दादा, मी हाडांच्या डॉक्टरांशी बोलले. आत्ता प्लास्टर काढून तिला पायावर उभं केलं तर हाड सरकेल. मग पाय आखूड राहील. जन्मभर."

"ते म्हणणारच. त्यांचं दुकान आहे ते."

"आणि वैरणवाल्याचं काय देऊळ आहे?"

"तू जनावरांची डॉक्टर आहेस," भाऊ म्हणाला. त्यानं आवाज चढवला नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "माझ्या लेकीचं मला बघू दे."

"सांगाडा जनावराचाच आहे ना रे? मग तो तरी माझ्या हद्दीत येतो."

स्वयंपाकघराच्या दारात वहिनी उभी होती. ती सहसा बोलत नसे आणि बोलली तर भांड्यांच्या आवाजाआड बोलायची. "वन्सं, मी सांगून थकले," ती म्हणाली. "पालथ्या घड्यावर पाणी. मी आडवी पडले तर मला ओलांडून जातील."

भाऊ खाटेच्या कडेला बसला. प्लास्टरवरच्या एका घोड्यावरून त्यानं बोट फिरवलं. मग म्हणाला, "ती नको म्हणत होती. बाबा, हे शिंगरू कान मागे टाकतंय, म्हणाली. मला कान दिसले नाहीत? मला? तबेल्यातले सगळे बघत होते, मला माझी पोर त्यावर बसलेली दाखवायची होती. मी बसवलं तिला." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "तू म्हणतेस महिने लागतील. मला रोज सकाळी उठून हे बघायचंय. तो म्हणतो एका सकाळीत होईल. तुला काय जातंय सांगायला."

डॉक्टरीणबाईला भावाचा राग होता, पण त्याक्षणी तिला त्याची कणव आली. हा माणूस मूर्ख नव्हता. त्याला फक्त लवकर सुटायचं होतं, आणि लवकर सोडवणारा भेटला होता. जगातले सगळे महाराज अशाच माणसांच्या दारातून आत येतात.

"बरं," ती म्हणाली. "मी मध्ये पडत नाही. एकच अट. बरगडी आली तर प्लास्टरला हात लावायच्या आधी तू त्या घोड्यावरून हात फिरवायचा. विकत घ्यायच्या घोड्यावरून फिरवतोस तसा. नुसतं मोजायचं नाही, हातानं बघायचं."

"आणि अठरा भरल्या तर?"

"भरल्या आणि त्याच्याच असल्या, तर प्लास्टर कापायला पकड मीच तुझ्या हातात देईन."

"त्याच्या नसतील तर कुणाच्या असतील?" भाऊ हसला.

डॉक्टरीणबाई उठली. घरी जाताना ती वाटभर तेच घोळवत होती. घोडं पेंड खात होतं ते इथेच. बरगडी आकाशातून पडत नाही. झाडाला लागत नाही. महाराजांना ती कुठून तरी आणावीच लागणार.

रविवारी शेडमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती, आणि खरी मुंगी तर बाकड्यावर घालून चौघांनी उचलून आणली होती. महाराजांनी आदल्या दिवसापासून 'मौन' म्हणून शेड बंद ठेवली होती. आता दार उघडलं होतं. देवघोड्यावर पांढरी चादर. त्याच्या शेजारी कोपऱ्यात आणखी काहीतरी जाड ताडपत्रीत गुंडाळून दोरीनं बांधलेलं. वैरणवाला त्या ताडपत्रीला पाठ लावून उभा होता आणि कोण कुठे बघतंय ते बघत होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. डॉक्टरीणबाईनं ती ताडपत्री बघितली आणि परवापासून डोक्यात अडकलेलं कोडं तिथल्या तिथे सुटलं.

महाराजांनी चादर ओढली.

"मोजा," ते एवढंच म्हणाले.

या वेळी सगळ्यांनी मिळून मोजलं. आवाज सोळापर्यंत मोठा होता, सतराला बारीक झाला आणि मग शेडच्या पत्र्यानं थरथरावं असा सगळा गाव एका तोंडानं म्हणाला, "अठरा." शिंपीणबाई रडायलाच लागल्या. सायकलदुरुस्तीवाला खाली बसला. पारावरच्यानं, आजोबा बरोबर होते, असं तीनतीनदा सांगितलं. महाराजांनी डॉक्टरीणबाईकडे बघून चष्मा पुसला.

"बाई, मेलेल्या हाडाला फुटत नाही म्हणाला होतात," ते मऊ आवाजात म्हणाले. "लेकीला आणा पुढे."

चाबुकस्वारानं पिशवीतून घोड्याची खुरं कापायची लोखंडी पकड काढली. तिचा जबडा उघडला. मुंगीनं ते बघितलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. "बाबा, नको," ती हळूच म्हणाली. "अजून दुखतंय."

बापाचा हात क्षणभर थांबला, पण तेवढ्यानं मागे फिरला नसता.

"दादा, अट," डॉक्टरीणबाई म्हणाली.

त्याला घाई होती. त्यानं पकड खाली ठेवली, चटकन संपवावं म्हणून देवघोड्यापाशी गेला आणि छातीकडून मागे हात सरकवत निघाला. हात सवयीनं चालला होता. एकेक बरगडी, मधल्या लांब आणि मागे आखूड होत जाणाऱ्या. सोळा. सतरा. अठरावर हात आला आणि तिथेच थबकला. त्यानं हात मागे घेतला, सतराव्यावर ठेवला, पुन्हा पुढे आणला.

"काय झालं?" महाराज म्हणाले.

"ही लांब आहे," चाबुकस्वार म्हणाला. "शेवटची बरगडी आधीच्यापेक्षा आखूड असते. ही लांब आहे. आणि जाड."

"नवी आहे ती. ताजी आहे. दिव्य अन्नावर वाढली आहे."

"पोती खाऊन," गर्दीतून कुणीतरी म्हणालं आणि चारदोन जण फिस्सकन हसले. हसू ही गोष्ट महाराजांनी हिशोबात धरलेली नव्हती.

डॉक्टरीणबाई पुढे आली. तिनं पर्समधून हातरुमाल काढला, बादलीतल्या त्या पवित्र पाण्यात बुडवला आणि अठराव्या बरगडीवर घासला. रुमाल तपकिरी झाला, बरगडी पांढरी. तिनं रुमालाचा वास घेतला. "कडक चहा," ती म्हणाली. "साखर नाही घातलेली." मग सतरावी घासली. तिच्यावरचा मातीचा रंग जागचा हलला नाही.

"आता इथे बघा. बरगडी मणक्याला टेकते तिथे मणक्यावर तिच्यासाठी खळगा असतो. या सतरांना आहे. अठरावी ज्या मणक्याला लावली आहे तो कमरेचा मणका आहे. त्याला दोन बाजूंना हे चपटे पंख असतात, खळगा नसतो. बसणार कशी? म्हणून मेणाचा गोळा लावून पंखाखाली तारेनं लटकवली आहे. महाराज, तुम्ही बरगड्या मोजल्यात. मणके मोजायचे राहिले. या घोड्याला अठराव्या बरगडीची जागाच नाही."

"विज्ञान थिटं पडतं तिथे..." महाराजांनी सुरुवात केली.

"विज्ञान राहू दे. तुमचंच गणित करू. देवघोड्याच्या झाल्या अठरा. आता साध्या घोड्याच्या मोजू."

शेडमधली सगळी डोकी कोपऱ्याकडे वळली. वैरणवाला ताडपत्रीला आणखी चिकटला. "त्याला झाकलंय," तो म्हणाला. "त्याला... त्याला हे तेज सोसणार नाही."

"सांगाड्याला?"

"आपल्याला काय माहीत, बाई."

लोकांना मोजायचं होतं आणि मोजायची भीतीही वाटत होती. तेवढ्यात बाकड्याजवळून वहिनी निघाली. तिनं नवऱ्याची ती खुरं कापायची पकड उचलली, वैरणवाल्याला पदरही न लागू देता बाजूला केलं, ताडपत्रीची दोरी पकडीत धरून कटकन तोडली आणि ताडपत्री खाली ओढली. मग तिनं स्वतःच मोजायला सुरुवात केली. भांड्यांच्या आवाजाआड बोलणारी बाई, पण आज शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

"सोळा. सतरा." तिनं बोट उचललं. "संपल्या."

दुसऱ्या बाजूनं मोजल्या. तिथेही सतरा. बरगड्यांच्या शेवटच्या मणक्यावरचे खळगे दोन्ही बाजूंनी रिकामे होते आणि तारेची तुटकी टोकं तशीच लोंबत होती.

अशा वेळी माणूस पळतो. मोजणीमहाराज त्यातले नव्हते. त्यांनी छडी उंचावली, डोळे भरून आणले आणि म्हणाले, "दान! बघितलंत? साध्या घोड्यानं देवघोड्याला दान केलं. याहून मोठा चमत्कार कोणता?"

आणि सांगायला लाज वाटते, पण गर्दीतली काही डोकी खरोखरच हलली. "तसंही असेल," पारावरचा म्हणाला. "आपण कोण ठरवणारे." हाताशी धडधडीत पुरावा असूनही माणसाला आपण फसलो हे म्हणायचं नसतं. त्यापेक्षा घोड्यांनी रात्रीतून तारा सोडून, चहा करून, मेण लावून एकमेकांना बरगड्या दिल्या, हे मानणं त्याला सोपं जातं.

त्यांचं डोकं ठिकाणावर आणलं ते शिंपीणबाईंनी. वैरणवाला गडबडीत मागे सरकला होता आणि त्याच्या मागचं गोदामाचं दार उघडं पडलं होतं. आत पोती छतापर्यंत रचलेली. शिंपीणबाई डोळे पुसत आत डोकावल्या, एका पोत्याजवळ वाकल्या.

"हे ठिगळ माझं आहे," त्या म्हणाल्या. "हा टाका मीच घातलाय. गेल्या आठवड्यात हे पोतं मी देवघोड्याला वाहिलं." मग त्या सायकलदुरुस्तीवाल्याकडे वळल्या. "आणि परवा तू घोडीसाठी विकत घेतलंस ना रे, त्याच्यावरही असलंच ठिगळ होतं. मी म्हणाले होते, ओळखीचं वाटतंय."

"म्हणजे मी माझ्याच चंदीचे..." सायकलदुरुस्तीवाल्याचं वाक्य पुरं झालं नाही. ते त्यानं वैरणवाल्याची गचांडी धरून पुरं केलं. बरगडीनं फसवलं ते गावानं एक वेळ सोसलं असतं, पण आपलीच पोती आपल्याला विकली हे काही कुणाच्या घशाखाली उतरेना. महाराज या गोंधळात दाराकडे सरकत होते. त्यांना चौघांनी धरून, पोलीस येईपर्यंत देवघोड्याच्या पुढ्यात बसवलं. कुणीतरी त्यांच्यासमोर चंदीचा एक ओंजळभर ढीग ठेवला आणि खा म्हणाला.

डॉक्टरीणबाई त्या हशात सामील झाली नाही. ती लोकांकडे वळली. "हसताय ते बरं करताय," ती म्हणाली, "पण तुम्ही सगळे मोजत होता. रोज मोजत होता, आणि खरंच मोजत होता. महाराज खोटा आकडा सांगत नव्हते. त्यांनी छडीनं जे दाखवलं तेवढंच तुम्ही मोजलंत, म्हणून फसलात. यापुढे कुणी चमत्कार दाखवला तर तो दाखवतो ते बघाच. पण त्यानं झाकलंय काय, तेही उघडून बघा. उघडू देत नसेल तर उत्तर मिळालंच. आणि आजोबांनी सांगितलेलं असलं तरी एकदा स्वतः मोजा. आजोबांचा त्यात काही अपमान नाही."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तिला ते बरं वाटलं.

चाबुकस्वार अजून देवघोड्यापाशीच उभा होता. ती लटकवलेली बरगडी त्यानं काढून हातात घेतली होती. त्याच्या बोटांना मेण लागलं होतं. त्यानं ती गाडीघोड्याच्या रिकाम्या खळग्याला लावून बघितली. चपखल बसली. मग तो बाकड्याजवळ येऊन लेकीच्या शेजारी खाली बसला.

"बाबा," मुंगी म्हणाली, "मग माझं हाड कधी जुळणार?"

"डॉक्टर सांगतील तेव्हा."

"खूप दिवस?"

"खूप दिवस." त्यानं मान वर केली नाही. "तू सांगितलं होतंस मला, शिंगरू कान मागे टाकतंय म्हणून. मी ऐकलं नाही. आज नको म्हणालीस, तेही ऐकत नव्हतो. चूक माझी आहे, मुंगे. घोड्याची नाही, तुझी तर नाहीच."

मुंगीनं थोडा विचार केला. "मग आता ऐकणार?"

"आता ऐकणार."

"मग मला घरी ने," ती म्हणाली. "आणि हळू ने. दुखतंय."

बापानं बाकड्याचं एक टोक धरलं, आत्यानं दुसरं. वहिनीनं दोघांच्या पुढे होऊन गर्दीत वाट केली. चाबुकस्वार दर चार पावलांनी थांबून लेकीला विचारत होता, दुखतंय का, आणि ती सांगेल तसा चालत होता.